तळ्याखालचं गाव



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. कबरी साफ करतो, फुलं वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या गेलेल्या माणसांची नावं कागदावर लिहून वेदीपाशी देतो. याच महिन्यात आम्ही स्वयंसेवक मंडळी धर्मग्रामातल्या ज्येष्ठांना एक दिवस बाहेर फिरायला नेतो. पाऊस संपलेला असतो, ऊन अजून मवाळ असतं. गेल्या नोव्हेंबरातल्या सहलीत आम्हाला जे शिकायला मिळालं, ते तुमच्यापुढे ठेवावंसं वाटतं.

सहल कुठे न्यायची यावरून दरवर्षी चर्चा रंगते. या वेळी आमच्यातल्या एका ताईंनी मोबाइल पुढे केला. त्यांचा मुलगा स्कॉटलंडमध्ये नोकरीला आहे. त्याने धाडलेले फोटो सगळ्यांनी पाहिले. समुद्राला लागून उठलेले डोंगर, डोंगरांच्या कुशीत लांबच लांब तळी, तळ्यांच्या काठी पडके किल्ले. सगळे "वा, वा" म्हणत होते. एक आजी मात्र चष्मा काढून म्हणाल्या, "यात काय नवल? डोंगर खानवेलला आहेत, तळं दुधनीला आहे, किल्ले दमणला आहेत. त्यासाठी विमान कशाला पाहिजे?"

झालं, ठरलं. सकाळी डोंगर आणि तळं, संध्याकाळी किल्ला आणि समुद्र. या सगळ्यांना जोडणारी नदी एकच, दमणगंगा. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत ती उगम पावते, आपल्या दादरा-नगर हवेलीतून वाहते आणि सुमारे 131 किलोमीटरचा प्रवास करून दमणला समुद्राला मिळते. आमची सहल म्हणजे तिच्याच सोबतीने खाली उतरणं होतं.

सकाळच्या मिस्सानंतर आम्ही सिल्वासाहून निघालो. एक सतरा सीटांचा ट्रॅव्हलर आणि मागे एक मोटार. गाडीत आधी रोझरी झाली, मग गाणी सुरू झाली. गावाबाहेरच्या कारखान्यांची रांग संपली आणि सागाचं, खैराचं रान लागलं. कुडाच्या भिंतींची घरं, अंगणात खेळणाऱ्या कोंबड्या, खळ्यावर भाताची झोडणी. खानवेलला साकरतोंड नदीपाशी थांबून चहा घेतला. कुणीतरी वसईचे फुगे आणले होते, ते चहाबरोबर हां हां म्हणता संपले.

मागच्या सीटवर खिडकीशी आमचे एक काका बसले होते. कोकणा समाजातले, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी बाप्तिस्मा घेतलेला. सुताच्या कारखान्यात रखवालदारी करून निवृत्त झाले. देवळातही ते मागच्याच बाकावर बसतात, मिस्सा संपली की पडलेली गीतपुस्तकं गोळा करून कपाटात ठेवतात आणि कुणाशी फारसं न बोलता घरी जातात. सहलीला ते या वेळी पहिल्यांदाच आले होते. "दुधनीला जाणार ना नक्की?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं होतं.

दुधनीला पोचलो आणि गाडीतला आवाज एकदम थांबला. मधुबन धरणाचं पाणी डोंगरांच्या पायथ्यापायथ्याने दूरवर आत शिरलेलं. मध्ये टेकड्यांची बेटं. काठाला रंगीत शिकारे बांधलेले. वाऱ्याची एक रेघ पाण्यावरून सरकत गेली तेवढीच हालचाल. ताईंनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाल्या, "बघ रे बाबा, तुझ्यापेक्षा कमी आहे का?"

आम्ही काठावर गोल करून उभे राहिलो. निर्मात्याचे आभार मानले. टाळ्यांच्या तालावर एक स्तुतिगीत गायलं. मग सगळ्यांचा एकत्र फोटो घ्यायला निघालो तर काका नव्हते.

ते पायऱ्यांपासून बरेच पुढे पाण्याच्या कडेला उभे होते. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. आमच्यातला एक जण हाक मारत गेला, "काका, फोटोला चला, सगळे थांबलेत."

"आलोच," ते म्हणाले, पण हलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी हात उचलला. "तो डोंगर दिसतो ना, त्याच्या अलीकडे, पाण्यात. तिथं आमचं गाव."

एकेक करून आम्ही सगळेच त्यांच्याभोवती जमलो. ते सावकाश सांगत होते. नदीकाठची भाताची खाचरं. पाड्याच्या मधोमध मोहाची दोन झाडं, त्यातलं एक त्यांच्या आजोबांच्याही आधीचं. पलीकडे गावाचा मसणवटा. पाणी चढू लागलं तेव्हा त्यांनी आईला पाठीवर घेऊन वर आणलं होतं. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोहाचं खोड डोकं वर काढायचं. ते बघायला ते चालत यायचे. मग तेही दिसेनासं झालं आणि त्यांनी येणं सोडलं.

"पण भरपाई मिळाली असेल ना?" आमच्यातल्या एकाने विचारलं. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता.

"मिळाली," काका म्हणाले. "जमीन मोजली, झाडं मोजली, घर मोजलं. मसणवटा कुणी मोजला नाही. बा तिथंच आहे."

कुणाला काय बोलावं सुचेना. पाच मिनिटांपूर्वी आम्ही याच पाण्यासाठी टाळ्या वाजवत देवाचे आभार मानले होते आणि ते गीत काकांनी त्यांच्या वडिलांच्या कबरीपाशी उभं राहून ऐकलं होतं. फोटो शेवटी काढला नाही.

जेवणाचे डबे उघडले. काकांनी नागलीच्या भाकऱ्या आणि उडदाची भाजी आणली होती, सगळ्यांना पुरेल एवढी. आम्ही त्यांच्या पंगतीला बसलो. तेव्हा ध्यानात आलं की इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या घरी जेवायलाही गेलेलं नाही.

दुपारी परत सिल्वासा, पुढे वापी आणि मग दमण. वाटेत कालवा दिसला तसं आजी म्हणाल्या, "हे पाणी तिथलंच ना?" हो, तिथलंच. धरणाचं पाणी शेतांना जातं, वापी-सिल्वासाच्या कारखान्यांना जातं, घराघरांत प्यायला जातं. आमच्यातले निम्मे लोक पोटासाठी वसईहून, नगर-नाशिककडून इथे आले ते या कारखान्यांच्या भरवशावर. ते पाणी नसतं तर आमचे पगार नसते, मुलांची शिक्षणं नसती, स्कॉटलंडही नसतं. धरण चूक होतं असं म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण नळ सोडताना आम्हाला काकांच्या गावाची आठवण एकदाही झाली नव्हती, कारण ते गाव होतं हेच ठाऊक नव्हतं.

नानी दमणला नदीच्या तोंडाशी संत जेरोमचा किल्ला आहे. पोर्तुगिजांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला. नदीकडे तोंड केलेल्या दरवाजावर संत जेरोमचा भलामोठा पुतळा आहे. आत सागरमातेचं चर्च आणि जुनी दफनभूमी आहे. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी इतिहास सांगू लागले. आपली नगर हवेली पोर्तुगिजांकडे कशी गेली, ठाऊक आहे? 1772 मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांच्या ‘संताना’ नावाच्या जहाजाचं नुकसान केलं. पुढे 1779 मध्ये पेशव्यांशी तह झाला आणि त्या जहाजाची भरपाई म्हणून नगर हवेलीचा महसूल त्यांना देण्याचं ठरलं. 1783 मध्ये हा मुलूख त्यांच्या ताब्यात गेला. दादरा त्यांनी 1785 मध्ये विकत घेतलं. पोर्तुगिजांची सत्ता संपली ती थेट 1954 मध्ये.

काका शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे तेव्हाही भरपाईत आम्हीच गेलो म्हणायचं."

सगळे हसले. ते स्वतःही हसले. पण ते हसू फार टिकलं नाही.

मोटी दमणला जायला नदी ओलांडायची होती. पुलाजवळ आलो तेव्हा गुरुजींनी 28 ऑगस्ट 2003 ची आठवण काढली. त्या दिवशी इथला जुना पूल कोसळला आणि शाळेची मुलं असलेली वाहनं नदीत पडली. कितीतरी लेकरं गेली. हे ऐकताच काकांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. दिवसभरात त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. खाली उतरून त्यांनी टोपी काढली आणि ‘आमच्या बापा’ सुरू केलं. आम्ही मागून म्हणत गेलो. ज्या माणसाच्या दुःखाकडे आम्ही सकाळपर्यंत पाहिलं नव्हतं, तो अनोळखी आईबापांच्या दुःखासाठी रस्त्याच्या कडेला थांबला होता.

मग मोटी दमणच्या तटबंदीतून आत बॉम जीझस चर्चमध्ये गेलो. 1603 सालचं हे चर्च. वेदीमागचं कोरीव लाकूडकाम डोळे भरून पाहावं असं. पण आम्ही बराच वेळ नुसते बसून राहिलो. किल्ला बांधणाऱ्यांचं राज्य गेलं, तोफा गंजल्या, तटावर गवत वाढलं. प्रार्थना मात्र अजून चालू आहे. संध्याकाळी दीपगृहाजवळून सूर्य बुडताना पाहिला. सकाळी दुधनीला पाहिलेलं पाणी इथे समुद्राला मिळत होतं.

प्रियजनहो, त्या बाकावर बसलेलो असताना आम्हाला दावीदाची एक गोष्ट आठवली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, 23 व्या अध्यायात ती आहे. दावीद तेव्हा गडात होता आणि त्याच्या जन्मगावी, बेथलेहेमात, पलिष्ट्यांचं ठाणं होतं. त्याला गावच्या वेशीजवळच्या विहिरीच्या पाण्याची आठवण झाली. त्याचे तीन शूर शिपाई शत्रूची फळी फोडून गेले आणि ते पाणी घेऊन आले. तहान लागलेली, पाणी हातात, तरी दावीद ते प्यायला नाही. ज्यांनी जिवावर उदार होऊन पाणी आणलं त्यांचं ते रक्तच आहे असं त्याला वाटलं. त्याने ते परमेश्वरापुढे ओतून अर्पण केलं.

ही गोष्ट आम्ही किती वेळा ऐकली असेल. शूर शिपायांची गोष्ट म्हणून मुलांना शिकवलीही आहे. पण पाणी पिण्याआधी ते कुणाच्या जिवावर आलं हे पाहणाऱ्या राजाची गोष्ट म्हणून ती आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. आम्ही दावीदासारखं पाणी ओतून देऊ शकत नाही, आम्हाला ते लागतंच. मात्र ज्याचं गाव त्या पाण्यात गेलं त्याला शेवटच्या बाकावर एकटं बसू न देणं आमच्या हातात आहे. देवाने निर्माण केलेल्या सौंदर्याबद्दल आभार मानणं योग्यच आहे. पण शेजारी उभ्या असलेल्या भावाकडे न पाहता मानलेले आभार अपुरे असतात, असं आता आम्हाला वाटतं.

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. बरेच जण डुलक्या घेत होते. काकांनी आमच्यातल्या एकीला हळूच विचारलं, "नोव्हेंबरच्या यादीत माणसांची नावं लिहून घेता. गावाचं नाव लिहून घ्याल का?"

तिला लगेच उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही आपसात बोललो तेव्हा एकाने शंका काढली की यादी आत्म्यांसाठी असते, गावासाठी कशी चालेल? शिवाय त्या मसणवट्यात पुरलेले लोक ख्रिस्ती नव्हते. शेवटी प्रश्न फादरांकडे नेला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले की ख्रिस्तसभा आपल्या उपासनेत अशाही मृतांची आठवण करते ज्यांची श्रद्धा फक्त देवाला माहीत आहे. गाव म्हणजे तिथली माणसंच की. नाव लिहा.

पुढच्या रविवारी मृतांच्या नावांमध्ये त्या गावाचं नाव वाचलं गेलं आणि त्यापाठोपाठ काकांच्या वडिलांचं. काका नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर बसले होते, मात्र त्या दिवशी त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं होती. मिस्सा संपल्यावर गीतपुस्तकं गोळा करायला आमच्यातले तिघे त्यांच्याबरोबर थांबले.

सिल्वासातलं 1897 साली उभं राहिलेलं जुनं चर्च पिएदाद मातेच्या नावाने आहे. मृत पुत्राला मांडीवर घेऊन बसलेली माता, असा त्या नावाचा अर्थ. आम्ही वर्षानुवर्षं ते नाव घेत आलो. मांडीवर घेतलेलं दुःख ती कुणापासून लपवत नाही आणि खालीही ठेवत नाही. आमच्या गावाला मिळालेली ही आई आम्हाला काय शिकवू पाहते, ते या सहलीने थोडंफार दाखवलं.

तुम्हीही या महिन्यात कुठे फिरायला गेलात तर जरूर आनंद लुटा. फक्त एकदा मागे वळून पाहा, सोबतच्यांपैकी कुणी चपला काढून बाजूला उभं आहे का. असेल तर फोटो थोडा थांबवा आणि त्याच्याजवळ जा.

हे प्रभू येशू, तू डोंगर, नद्या आणि समुद्र निर्माण केलेस, त्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ज्यांची घरं, शेतं आणि कबरी आमच्या सोयीखाली बुडाल्या, त्यांना तू विसरला नाहीस. आम्हालाही विसरू देऊ नकोस. दमणगंगेत गेलेल्या लेकरांना तुझ्याजवळ ठेव आणि त्यांच्या आईबापांना धीर दे. आमच्या मागच्या बाकावर कोण बसलं आहे हे पाहायला आम्हाला डोळे दे. आमेन.