उसनं पाणी

मुलांनो, तहान लागली म्हणून तुम्ही कधी हातांनी जमीन उकरून पाणी काढलंय का? नाही ना? नळ सोडला की पाणी, बाटलीचं झाकण फिरवलं की पाणी, एवढंच आपल्याला ठाऊक! मी अकरा वर्षांची असताना तसं उकरून काढलेलं पाणी पाहिलं, आणि दोन मिनिटांत ते खराबही केलं. ती गोष्ट आज तुम्हांला सांगते.

१९९० सालचा मे महिना होता. आमच्या चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे काय विचारता! पारा ४५-४६ अंशांवर सहज जातो. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. अशा दिवसांत बाबांनी ताडोबाला जायचं ठरवलं. आई म्हणाली, "एवढ्या उन्हात?" बाबा म्हणाले, "अगं, उन्हाळ्यातच जायचं. नाले आटले की जनावरं तळ्यावर येतात."

बाबांच्या मित्राची जुनी जीप घेऊन आम्ही पहाटेच निघालो. ताडोबा चंद्रपूरहून साधारण ४५ किलोमीटर. पण जंगल लागायच्या आधीच जीपचं इंजिन तापलं, वाफा यायला लागल्या. बाबांनी डबा उचलला आणि पाणी शोधायला निघाले. अर्थात मीही त्यांच्या मागे!

जवळच एक नाला होता. त्यात पाण्याचा थेंब नव्हता, नुसती पांढरी वाळू. पण वाळूत एके ठिकाणी हातभर खोल खड्डा केलेला होता आणि त्याच्या तळाशी चक्क स्वच्छ, थंड पाणी! अशा खड्ड्याला झिरा म्हणतात. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिच्याजवळ तेंदूपानांचं गाठोडं, पितळी गुंड आणि एक करवंटी. ती करवंटीनं थोडं थोडं पाणी गुंडात भरत होती.

मी कसला विचार करते? चपला काढल्या आणि दोन्ही पाय धपकन् झिऱ्यात सोडले. अहाहा! काय गार वाटलं!

खाली बघते तर पाणी मातकट झालेलं.

म्हातारीनं करवंटी खाली ठेवली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पोरी, हे पाणी प्याचं हाय, पाय धुवाचं नाई. आता बसा लागते घडीभर."

बाबांचा चेहरा उतरला. "माय, चुकलं पोरीचं," ते म्हणाले.

"राहू द्या भाऊ, लेकरू हाय."

तिनं गढूळ पाणी उपसून टाकलं. मग आम्ही तिघं बसून राहिलो. वाळूच्या कडेनं पाणी झिरपत होतं, पण किती हळू! सकाळपासून पानं तोडून आलेली ती म्हातारी माझ्यामुळे उन्हात ताटकळत होती. मला रडू येत होतं. जवळजवळ अर्ध्या तासानं पाणी भरलं, निवळलं. तिनं आपला गुंड भरला. आणि मग, मुलांनो, बाबांनी मागितलं नसतानाही तिनं आमचा डबा भरून दिला. जीपसाठी!

पुढे ताडोबाच्या तळ्यावर पोहोचलो, तेव्हा माझं कशातच लक्ष नव्हतं. चारी बाजूंना वाळलेलं जंगल आणि मधोमध भर मे महिन्यात एवढं मोठं पाणी! पलीकडच्या काठावर मगर ऊन खात पडली होती. चितळांचा कळप दबकत दबकत पाण्यापाशी येत होता. सोबतच्या वाटाड्यानं काठावरचं तारुदेवाचं ठाणं दाखवलं. हा गोंड आदिवासींचा देव. पूर्वी पौषात इथे त्याची जत्रा भरायची.

मग त्यानं या तळ्याची गोष्ट सांगितली. १८७० साली इंग्रजांनी छापलेल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्येही ती आहे. फार पूर्वी गवळ्यांची एक वरात या डोंगरांतून चालली होती. सगळे तहानेनं कासावीस झाले. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "नवरानवरीनं मिळून जमीन उकरावी." दोघांनी हसत हसत थोडी माती काढली, तोच झरा उसळला! सगळे पाणी पीत असतानाच ते वाढत गेलं आणि त्याचं तळं झालं. वरात त्यात बुडाली. पुढे यात्रेकरूंनी हाक मारली की तळ्यातून स्वयंपाकाची भांडी वर यायची. वापरून झाली की धुऊन परत सोडायची. पण एका लबाडानं ती घरी नेली. झालं! त्या दिवसापासून भांडी येणं बंद.

मी हळूच माझ्या पायांकडे पाहिलं. पायांवर झिऱ्यातली वाळू अजून चिकटलेली होती.

आता तुम्ही विचाराल, थोडी माती उकरली की पाणी लागतं, हे खरं आहे का? काही जागी अगदी खरं! आमच्याकडे वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उघड्या टेकडीवरून तो धो धो वाहून जातो, सोबत मातीही नेतो. जंगलात मात्र तो आधी सागाच्या, ऐनाच्या, बांबूच्या पानांवर पडतो, मग खालच्या पालापाचोळ्यावर. तिथे त्याचा वेग कमी होतो. मुळांच्या वाटांनी तो जमिनीत मुरतो, खडकाच्या फटींतून हळूहळू खाली सरकतो. जिथे वाट मिळेल तिथे तो झरा होऊन बाहेर येतो. नाला वरून कोरडा दिसला, तरी वाळूखाली पाणी असू शकतं. झिऱ्यात आपल्याला तेच भेटतं. म्हणजे म्हातारीच्या करवंटीतलं मे महिन्यातलं पाणी हे जंगलानं पावसाळ्यात साठवून ठेवलेलं पाणी होतं!

हवं तर घरी करून पाहा. दोन ताटांत माती घ्या आणि ताटं थोडी तिरपी ठेवा. एका ताटातल्या मातीवर वाळकी पानं पसरा. दोन्हींवर झारीनं सारखंच पाणी घाला. कुठून गढूळ पाणी लवकर वाहतं, ते तुम्हीच बघा.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. आज ते महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान आहे. आपण म्हणतो, ते वाघांसाठी राखलंय. पण आमच्या चंद्रपूर शहराला आणि वीज केंद्राला पाणी मिळतं ते इरई धरणातून. इरई नदी येते चिमूरकडच्या टेकड्यांतून, आणि धरणाचं पाणी ताडोबाच्या जंगलाला जाऊन भिडलेलं आहे. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाचं नातंही जंगलाशीच आहे की!

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या भाचीला घेऊन ताडोबाला गेले. आता नियम कडक आहेत, गाडीतून उतरता येत नाही, आणि ते बरंच आहे. वाटेत तो नाला शोधला, पण नेमकी जागा काही सापडली नाही. भाचीला मात्र सगळी गोष्ट सांगितली. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, तू त्या आजीला सॉरी म्हणालीस का गं?"

नव्हते म्हणाले. लाजेनं तोंडातून शब्दच फुटला नव्हता. म्हणून आज तुम्हां सगळ्यांसमोर म्हणते, "माय, चुकलं माझं."

आणि तुम्ही एक काम कराल? तुमच्या घरच्या नळाचं पाणी कोणत्या नदीतून, कोणत्या डोंगरातून येतं, ते आज आईबाबांना विचारा. त्यांनाही ठाऊक नसेल, तर सगळे मिळून शोधून काढा.