उदगीरच्या किल्ल्यावरून रियाधचा कडा

बकरी ईदच्या चार दिवस आधी मी उदगीरला पोहोचलो. गाडी बीदरच्या दिशेने निघून गेली आणि फलाटावर भाचा उभा दिसला. सलाम झाला, पिशवी त्याने माझ्या हातातून काढून घेतली आणि रिक्षात बसायच्या आतच म्हणाला, "मामू, किंगडा का पाडला, माहीत आहे?"

"कोण किंगडा? आणि का पाडला ते मला काय ठाऊक?"

तो पोट धरून हसला. 'का' हा शब्द नावातच होता. 'किंगडा का' हा अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधला रोलर कोस्टर, १३९ मीटर उंच, पाडेपर्यंत जगात सर्वांत उंच. २००५ मध्ये सुरू झाला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून पाडला. उदगीरच्या एका गल्लीत, तूरडाळीच्या गिरण्यांच्या गावात, दहावीत जाणारा मुलगा त्या लोखंडी सांगाड्याचा शोक करत होता, हे मला रिक्षातच कळलं.

घरी पोहोचलो तर आपाने चहा ठेवायच्या आधी तक्रार मांडली. "तू तरी समजाव याला. दिनभर मोबाइल में घुसा रैता. दहावी आलीय."

दहावी म्हणजे काय, हे लातूर जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. दहावी झाली की पोरगं लातूरला, दोन वर्षं खोली, मेस, शिकवणी, आणि मग नीट. 'लातूर पॅटर्न' हे नाव महाराष्ट्रभर गेलं, पण त्याची खरी किंमत इथल्या घरांनाच माहीत आहे. आमचे दुल्हेभाई नऊ वर्षं रियाधला ट्रेलर चालवतात. एकच सांगणं आहे त्यांचं: मुलगा डॉक्टर व्हावा. आणि मुलाच्या वहीत पेशी आणि ऊती कमी, रोलर कोस्टरच जास्त.

ती वही मी त्या रात्री पाहिली. पहिल्या पानावर अरबी वळणाने 'फाल्कन्स फ्लाइट' लिहिलेलं. रियाधपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर किद्दिया नावाचं नवं शहर उभं राहतंय. तिथे तेव्हा हा कोस्टर बांधत होते, जबल तुवैकच्या कड्यावरून खाली झेपावणारा. जाहीर झालेले आकडे त्याने चौकटीत लिहिले होते: उंची १९५ मीटर, वेग ताशी २५० किलोमीटर, रूळ चार किलोमीटरहून लांब. आपला चारमिनार ५६ मीटर. म्हणजे साडेतीन चारमिनार एकावर एक. घोषणा २०१९ मध्ये झाली होती, उघडायच्या तारखा पुढे पुढे गेल्या. हा मात्र दर शुक्रवारी बांधकामाचे नवे फोटो शोधायचा, आधीच्या फोटोशी ताडून बघायचा आणि कुठला खांब नवा उभा राहिला ते वहीत नोंदवायचा. कंत्राटदाराचा मुकादमही इतकी चोख नोंद ठेवत नसेल.

मी समजवायला बसलो होतो. झालं उलटंच.

"मामू, दहावीच्या विज्ञानात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण आहे. बघा." वस्तू १९५ मीटरवरून नुसती पडली, हवा आणि घर्षण धरलंच नाही, तर तळाला तिचा वेग किती? त्याने माझ्यासमोर मांडलं. ताशी २२२ किलोमीटर. "आणि हे म्हणतात २५०. मग वरचे २८ कुठून आले?"

मी गप्प. तेच तर त्याला हवं होतं.

उत्तर चुंबकात आहे. जुन्या कोस्टरला साखळी ओढून चढावर नेते आणि मग सोडून देते. पुढचं सगळं काम उताराचं. इथे रुळाच्या कडेने तारांची वेटोळी बसवतात, गाडीच्या पोटाखाली चुंबक. वेटोळ्यातून वीज सोडली की ते पुढून ओढतं, गाडी त्याच्यावरून गेली की त्याच क्षणी दिशा बदलून मागून ढकलतं. हे काम एका वेटोळ्याकडून दुसऱ्याकडे जातं, जसं ईदच्या दिवशी ताटं हातोहात पुढे जातात (ही उपमा त्याचीच). अबू धाबीच्या 'फॉर्म्युला रोसा'ला २०१० पासून ताशी २४० चा वेग आहे, पण तिथली फेक तेलाच्या दाबावर चालते. तिथे बसणाऱ्याला डोळ्यांवर चश्मा चढवावा लागतो, कारण त्या वेगात वाळूचा कणही छऱ्यासारखा लागतो.

ब्रेकची गोष्ट मला सर्वांत आवडली. गाडीला तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी, ती पक्क्या चुंबकांच्या फटीतून जाते आणि पट्टीत आपोआप उठणारी वीजच वेग मारते. घासणं नाही, बाहेरची वीजही नाही. "म्हणजे लाइट गेली तरी ब्रेक लागतो," तो म्हणाला. उन्हाळ्यातल्या उदगीरच्या पोरालाच या वाक्याची खरी गोडी कळणार. त्याच रात्री आमचीही लाइट गेली होती.

माझ्या लहानपणी एवढं काही नव्हतं. माळेगावच्या यात्रेत पाळणा असायचा आणि मौत का कुआँ. लाकडी फळ्यांच्या विहिरीत मोटरसायकल भिंतीवरून गोल फिरायची, फळ्या खडखडायच्या आणि वर उभे असलेले आम्ही एकमेकांचे शर्ट पकडायचो. मग टीव्हीवर एस्सेलवर्ल्डची जाहिरात आली. गोराईला बोटीतून जायचं, हे मी किती वर्षं मनात घोळवलं! नोकरीला लागल्यावर एकदा गेलो. खरं सांगायचं तर मनातलं एस्सेलवर्ल्ड जास्त मोठं होतं. म्हणून या पोराच्या वाट पाहण्यावर मी हसू शकलो नाही.

शुक्रवार उजाडला. रियाधला ईद, आपल्याकडे अजून ज़िलहिज्जची नऊ तारीख. आपाचा रोजा होता. दुल्हेभाईंचा व्हिडिओ कॉल आला, नवा कुर्ता घातलेला, मागे खोलीतली चार पलंगांची रांग. दादींनी दुआ दिल्या, आपाने जेवणाचं विचारलं. मुलाची पाळी आली तेव्हा त्याने ईद मुबारक म्हणून लगेच विचारलं, "अब्बू, तिकडून गेलात का?"

ते एकदा त्या रस्त्याने गेले होते. लांबून काढलेला फोटो त्यांनी पाठवला. पिवळट कडा, त्यावर दोऱ्यासारखी एक रेघ. बस. मुलाने तो इतका मोठा करून पाहिला की नुसते चौकोन दिसू लागले.

मग त्याने योजना मांडली. व्हिजिट व्हिसा काढायचा, दादीने अम्मीबरोबर उमरा करायचा, अब्बूंना दोन वर्षांनी घरचं जेवण मिळेल आणि परतताना एक दिवस किद्दिया. तिकिटांचा हिशेबही वहीत होता. दादी खळखळून हसल्या, "हौ रे, माझा उमरा तुझ्या झुल्याच्या पोटात!" दुल्हेभाई मात्र हसले नाहीत. यंदा सुट्टी मिळत नाही, एवढंच म्हणाले. आणि मग, "अभ्यास कर बेटा. नीटचं बघ."

फोन ठेवल्यावर आपाने माझ्याकडे पाहिलं. आता बोल, अशी ती नजर होती. मी म्हणालो, चल रे, किल्ला दाखव.

उदगीरचा किल्ला बाहेरच्यांना माहीत आहे तो १७६० च्या लढाईसाठी. सदाशिवरावभाऊंच्या फौजेने निज़ामाला इथे हरवलं, इब्राहिमखान गारदीचा तोफखाना त्यांच्या बाजूने होता, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत ते दोघेही पानिपतावर पडले. फारसी शिलालेख, बुरूज, भोवती खोल खंदक. ऊन असं होतं की दगडाला हात लावता येईना. मुलाला लढाईत रस नव्हता. तो दरवाज्यात थांबला.

"मामू, ही रांग आहे."

"कसली?"

त्याने समजावलं. आता चांगल्या राइडमध्ये माणूस गाडीत बसायच्या आधीच गोष्ट सुरू होते. रांगच वळणावळणाने नेतात, अंधारातून उजेडात, पुढचं दिसू देत नाहीत. खोपोलीच्या इमॅजिकात सलीमगढ आहे, अलीबाबा आहे. आणि मे २०२५ मध्ये डिस्नेने अबू धाबीच्या यास बेटावर पार्क जाहीर केलाय, तिथे काय बांधतील याचे अंदाज तो रोज वाचतो. "अरबांच्या गावात ते अरबांची गोष्ट कशी सांगणार, तेच बघायचंय. प्लास्टरचा किल्ला उभा करतील. आपल्याकडे तर खराच आहे. दरवाजा असा वळवलाय की शत्रूला आतलं दिसू नये. तेच टेक्निक आहे हे."

किल्ल्याला टेक्निक म्हणणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. थोडं मागे सरून मी पुन्हा तो दरवाजा पाहिला. पोरगं बरोबर बोलत होतं.

"अब्बूंना सांगितलंस कधी? हे बनवणारे इंजिनिअर असतात, म्हणून?"

"ते म्हणतात झुले बांधून पोट भरतं का."

संध्याकाळी मी दुल्हेभाईंना वेगळा फोन केला. नीटचा विषय मी काढला नाही. फक्त २२२ आणि २५० मधला फरक सांगितला, तो तुमच्या मुलाने स्वतः शोधला, हे सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "गणितात किती पडले त्याला नववीत?" मी आकडा सांगितला. "वही पाठवायला सांगा," ते म्हणाले. "फोटो काढून. सगळी पानं."

पण ते संध्याकाळचं. दुपारी आम्ही खंदकाच्या काठावर उभे होतो. त्याने खालून एक दगड उचलला, मोबाइलवर घड्याळ लावलं आणि दगड सोडला. ठक्. दीड सेकंदाच्या थोडं वर. "बारा मीटर," तो हिशेब करून म्हणाला.

"आणि तिथून? एकशे पंच्याण्णववरून?"

"सहा पॉइंट तीन." मग त्याने रिकामा हात खंदकावर धरला, डोळे मिटले आणि हळूहळू मोजायला लागला. एक, दोन, तीन...