फादर आले म्हणून रडायचं कशाला?

आम्हा वसईच्या कॅथलिकांत आजाऱ्याकडे फादर अभ्यंगाचं तेल घेऊन आले, की शेजारणी डोळ्यांना पदर लावतात! जुनं नाव 'अंत्याभ्यंग', म्हणून ही धास्ती. वास्तविक १९६३ सालीच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 'रुग्णाभ्यंग' हे नाव अधिक योग्य ठरवलं. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये विधी सोपा केला. कपाळाला नि हातांना तेल लावायचं, बस्स. दुखणं बळावलं तर तो पुन्हाही घेता येतो.

सासूबाईंच्या ऑपरेशनआधी दीर कुजबुजले, "वहिनी, नको, आई घाबरेल."

सासूबाईंनी ऐकलंच. "अगं, बोलव फादरांना! शुद्धीत आहे तोवर मलाही प्रार्थना म्हणू दे की."

तेल लावताना त्यांचे हात थरथरत होते. फादर गेल्यावर मात्र त्यांनी पेज मागितली.