नंदादीपाची वात

गेल्या पौषातील एका सोमवारी आम्ही सहकुटुंब तांबडी सुर्लच्या महादेवाच्या दर्शनास निघालो. फोंड्याच्या घरी आई धाकट्या भावापाशी होती. निघताना ती एवढेच म्हणाली, "फोन चालू ठेव रे." आम्ही पूर्ण भरलेला फोन तिला दाखवला आणि खिशात टाकला.

सह्याद्रीच्या पायथ्याशी, दाट रानात, कदंबकालीन काळ्या पाषाणाचे ते देऊळ उभे आहे. तिथल्या शांततेत फोनची आठवण कोणास होणार? दिवसभर आम्ही त्यास हात लावला नाही. तिन्हीसांजेस परतीच्या हमरस्त्यावर, जिथे हाक सहज ऐकू आली असती तिथे, पाहतो तो फोन निपचित पडलेला! घरी आल्यावर कळले की आई ओसरीवर पाय घसरून पडली होती आणि भाऊ फोन करकरून थकला होता. सुदैवाने हाड मोडले नव्हते. पण आमची मान वर होईना.

न वापरलेला फोन रिता झालाच कसा? आमचा भाचा दूरसंचार क्षेत्रातला अभियंता. तो म्हणाला, "मामा, तुम्हांस वाटले फोन निजला आहे, तो दिवसभर रानात टॉवर धुंडाळत होता."

मग त्याने सारे उलगडून सांगितले. टॉवरच्या चांगल्या टापूत स्वस्थ असलेला फोन खरोखरच डुलक्या घेतो. ४जी जाळ्यात बहुधा दर १.२८ सेकंदांनी तो क्षणभर कान टवकारतो, आपल्या नावाची हाक आहे काय ते ऐकतो आणि पुन्हा निजतो. टॉवर जवळ असला तर त्याची कुजबुजही पुरते; दूर असला तर आवाज चढवावा लागतो, तो थेट सुमारे ०.२ वॉटपर्यंत. तेवढी शक्ती बाहेर टाकण्यास आत तिच्या कितीतरी पट वीज जळते. टॉवर अगदीच हरवला, तर एकामागून एक लहरी चाळताना झोपच मोडते. शिवाय प्रत्येक लहानशा निरोपानंतर तो काही सेकंद जागाच राहतो. म्हणून दहा निरोप दहा वेळा पाठवण्यापेक्षा एकदम पाठवलेले स्वस्त पडतात.

ऐकता ऐकता आम्हांस देवळातला नंदादीप आठवला. पुजारी त्याची वात बेताचीच ठेवतात. ती पुढे सारली की तेल लवकर सरते. आमच्या फोनने रानात आपली वात आपणच पुढे सारली होती, आणि आम्ही मात्र तेल भरल्याच्या अभिमानात होतो.

तेव्हापासून आम्ही एक नेम धरला आहे. रानात शिरताना फोन विमानप्रवासासारखा मुका करावयाचा. छायाचित्रे तशीही निघतात. मात्र मुका करण्यापूर्वी, तो पुन्हा केव्हा बोलेल ते घरी सांगावयाचे. हा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा. नाहीतर वाचवलेले तेल कोणाच्या उपयोगाचे?

परवा पुन्हा दर्शनास निघताना आम्ही आईस म्हटले, "तीन वाजता हमरस्त्यावर येऊन फोन करीन." ती घड्याळासमोर बसून राहिली असावी. तीनला आमचा फोन गेला, तेव्हा पहिली घंटा पुरी वाजण्याच्या आत तिने तो उचलला.