तलाव बंद पाडणारी बातमी माझीच होती

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. येत्या सर्वसाधारण सभेत पालिकेच्या जलतरण तलावाचा विषय येतोय, आणि त्या तलावाशी माझा जुना हिशेब आहे.

एप्रिल २०१६ आठवतोय? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. हायकोर्टाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले होते. आपल्याकडे नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि बसस्टँडमागे पालिकेचा तलाव मात्र निळाशार भरलेला. मी तेव्हा नवा नवा पत्रकार नव्हतो, तरी डोकं गरमच होतं. हिशेब केला : २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल. जवळपास पावणेपाच लाख लिटर. म्हणजे लातूरला रेल्वेने जेवढं गेलं, तेवढं पाणी इथे पोहायला! मथळा दिला, ‘शहर तहानलेले, तलाव तुडुंब’. तिसऱ्या दिवशी तलावाला कुलूप लागलं. लोकांनी फोन करून अभिनंदन केलं. ते कात्रण अजून माझ्या फाईलला आहे.

दोन-तीन वर्षांनी तिथले पंपावरचे काका भेटले. म्हणाले, “पत्रकारसाहेब, आम्ही तलाव रोज रिकामा करून रोज भरतो असं वाटलं का तुम्हाला?” मला तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. एकदा भरलेलं पाणी फिल्टरमधून फिरवत महिनोन्‌महिने वापरतात. कडक उन्हाळ्यात दिवसाला साधारण सेंटीमीटरभर पाणी उडून जातं. एवढ्या तलावाला ते तीन हजार लिटरच्या आसपास होतं, वर फिल्टर धुवायला लागेल ते. एका छोट्या टँकरचं काम. दुष्काळात तेही जास्तच होतं असं कुणी म्हणालं असतं तर वाद घालता आला असता. पण मी विचारलंच नाही. बंद करा म्हणालो, पुन्हा कधी सुरू करणार हेही विचारलं नाही.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. कुलूप तसंच राहिलं. रिकामी टाकी उन्हात तापली, फरशा सुटल्या, मोटर गेली, गटारीतून पिंपळ आला. आता तिथे फुटक्या कचरापेट्या पडल्यात.

२०१६ मध्येच सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. योजना चांगली, मी स्वतः तिच्या यशोगाथा लिहिल्यात. पण शेततळ्यात प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला की पाय ठरत नाही. दोर सोडलेला नसेल तर पोहता येणारालाही वर यायला अवघड. मागच्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या गावात दोन मुलं गेली. बातमी मीच केली. त्यात आम्ही नेहमी लिहितो ते वाक्य होतं : ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’. 

दहाव्याला गेलो तेव्हा एका मुलाचे वडील बोलता बोलता म्हणाले, “मला येतं पोहायला, दादा. पालिकेच्या तलावातच शिकलो मी. याला कुठं शिकवणार होतो?” 

त्यांना माझी बातमी माहीत नव्हती. मी सांगितली नाही.

तलाव चालू असता तर ती मुलं वाचलीच असती, असं कुणी म्हणू शकत नाही. पण देशात वर्षाला ३८ हजारांच्या आसपास माणसं बुडून मरतात, आणि आपल्या तालुक्यात पोरांनी पोहायला शिकावं अशी एकही सुरक्षित जागा नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलणारे काका-मामा गेले, विहिरीही बुजल्या, बोअर आले. पोरींना तर विहीरही कधी नव्हती. माझी बहीण पोहायला शिकली ती तलावाच्या लेडीज बॅचमध्ये.

आता निधीचं बघू. चार वर्षं प्रशासक होते, आता निवडून आलेली बॉडी आहे आणि कामाची हौसही आहे. प्रस्ताव काय, तर जुना तलाव पाडायचा, नवा ‘अत्याधुनिक’ बांधायचा, खाली गाळे काढायचे. खर्च कोटींत. जुन्याची दुरुस्ती लाखांत होईल असं इंजिनीअर खाजगीत सांगतात, पण लाखांच्या कामाला उद्घाटन नसतं आणि कोनशिलाही नसते. खासदार निधी घ्या : त्यातून बांधकाम होतं, रोजचा खर्च चालत नाही. १५ व्या वित्त आयोगाचं बघा : २०२५-२६ पर्यंतच्या त्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती, उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार काढायला मनाई होती. म्हणजे टाकी कुणीही बांधून देईल. जीवरक्षकाचा पगार, क्लोरीन, वीजबिल हे आपल्याच घरपट्टीतून आणि पासाच्या पैशांतून यायचं. पहिला तलाव माझ्या बातमीने बंद पडला हे खरं, पण तो बंदच राहिला तो या खर्चापायी. माहितीच्या अधिकारात मी विचारलं होतं, तलावाच्या देखभालीवर गेल्या पाच वर्षांत किती तरतूद केली? उत्तर एका शब्दाचं : निरंक.

नव्याला माझा विरोध नाही. इंजिनीअरनी टाकी तपासून लेखी दिलं की जुनी वाचत नाही, तर पाडा. पण तपासणी कुणी केलीय का? गाळ्यांचं भाडं तलावाच्याच खात्यात जाणार की सगळ्या पालिकेच्या? जीवरक्षक किती, बायकांची वेळ कोणती, जिल्हा परिषद शाळांच्या पोरांना फी किती? दुष्काळ पडला तर बोअरचं पाणी चालेल की पुन्हा कुलूप? हे प्रश्न मी लेखी देतोय. प्रेक्षक म्हणून सभेला बसणार आहे, कुणाला यायचं तर या.

आणि एक काम करा. १९९० नंतर तलावात शिकलेले बरेच जण इथे आहेत. जुना पास, बॅचचा फोटो, काहीही असेल तर इनबॉक्सला पाठवा. ‘तिथे येतच कोण होतं’ असं एक नगरसेवक परवा म्हणाले, त्यांना दाखवायचंय.

माझ्या कात्रणाचा फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय.