कोण इलो?

यंदा मे महिन्यात गावच्या घरी पडवीत बसलो होतो. गडग्याच्या भोकातून मुंगूस बाहेर आलं आणि परसातून चालत गेलं. चालत! आमच्या परसातून मुंगूस कधी चाललेलं मी पाहिलं नव्हतं. ते पळायचं, कारण त्याच्या आधी त्याची बातमी पळायची.

आजीच्या कोंबड्या असताना आभाळाची बातमी वेगळी आणि जमिनीची वेगळी. घार दिसली की कोंबडा बारीक, लांब सूर काढी, आणि पिल्लं जिथल्या तिथे आईच्या पंखाखाली गुडूप. धामण किंवा मुंगूस असलं तर नुसता टकटकाट. सगळ्यांच्या माना वर, पाय जागच्या जागी नाचते. मग फणसावरचे सातभाई त्यात आपला कालवा मिसळत. आजी चुलीपुढून न उठता सांगे, "झिला, बघ, खाली कोण तरी इलो हा." वरचं असलं तर म्हणे, "घार फिरता." तिचं कधी चुकलेलं आठवत नाही.

कोंबडी खुडूक झाली की आजी डालग्यात पेंढा घाली, अंडी ठेवी, विषमच, अकरा नाहीतर तेरा. विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून कडेला लोखंडी खिळा आणि कोळसा. त्याच कोळशाने भिंतीवर रोज एक रेघ. आठव्या रात्री बॅटरीच्या उजेडात अंडं धरून आतल्या लाल शिरा मला दाखवायची. एकविसाव्या रेघेला टोचा पडे. बदकाची अंडी घातली तर अठ्ठावीस रेघा, आणि कोंबडी तितके दिवसही मुकाट बसे. (सातभाई तरी काय, पावशाचं पोर आपलंच म्हणून वाढवतात. परसात असल्या गोष्टींची चौकशी कोणी करत नसे.)

1994 साली मिरगाच्या तोंडावर मानमोडी आली. माना पिळवटल्या, हिरवी हगवण लागली, कोंबडा उलटा चालू लागला. चार दिवसांत सतरांतली चौदा गेली. या रोगाला आपल्याकडे राणीखेत म्हणतात. इंग्लंडात 1926 साली न्यूकॅसलला तो आढळला म्हणून तिकडे त्या गावाचं नाव. पिल्लाच्या डोळ्यात पहिल्या आठवड्यात लसीचा एक थेंब घालतात, हे मला पुढे शहरात कळलं. एक थेंब!

खुडूक बसलेली तांबडी सोळाव्या रेघेला गेली. अंडी आजीने दोन दिवस पदरात गुंडाळून चुलीजवळ ठेवली. मग माडाच्या आळ्यात खड्डा खणून, चुना टाकून सगळं पुरलं. उरलेल्या तिघी तिने शेजारी देऊन टाकल्या. डालगं माळ्यावर गेलं.

त्यानंतर दोन पावसाळे आजी होती. परस गप्प झालं की तिला चैन पडेना. चुलीपुढून अचानक विचारी, "झिला, कोण इलो?" मी मागच्या दारी जाऊन येई. "कोण नाय गे."

एकदा मुंगूस खरंच आलं होतं. खुराड्याच्या दगडावर पुढचे पाय टेकून आत वास घेत होतं. मी बघत उभा राहिलो.

"कोण इलो रे?"

"कोण नाय गे."