गोड्या पाण्याच्या वाटेनं

4 फेब्रुवारी, कुणकेश्वर

गगनबावड्याचा घाट उतरून परवा विजयदुर्गाला आलो होतो. आज सकाळी तिथून निघालो, देवगडात मुक्काम न करता संध्याकाळी इथं पोचलो. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसतं. पण किनाऱ्याचा रस्ता खाड्यांच्या मर्जीनं चालतो. नदी आडवी आली की आत शिरायचं, पूल गाठायचा, पुन्हा समुद्राकडे यायचं. तारामुंबरी-मिठमुंबरीचा पूल झाला म्हणून निदान जामसंड्याचा वळसा वाचला.

ह्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, त्यामुळे गाडीचा घोर मला नाही. जुनी ट्रॅव्हलर घेतली, बाकं काढून दोघांपुरता पलंग आणि ओटा बसवला, छपरावर सोलर लावला, आरटीओत बदलाची रीतसर नोंद केली. मला घोर असतो तो पाण्याचा. ओट्याखालची टाकी दोनशे लिटरची. स्वयंपाक, भांडी आणि दोन अंघोळी धरल्या तर दुसऱ्या दिवशी पंप कोरडा आवाज करायला लागतो. आज भक्तनिवासात अंघोळीची सोय झाली, तेवढं पाणी वाचलं.

5 फेब्रुवारी, मालवण

चहा घेऊन सातला निघालो. मिठबावपर्यंत दोन्ही बाजूंना हापूसच्या बागा. काही कलमांवर अजून मोहर, काहींवर कणी धरलेली. एका वाडीत रस्ता इतका अरुंद झाला की मी खाली उतरून पुढं चालत गेले. डावीकडे जांभ्याचा गडगा, वर फणसाची फांदी आणि विजेच्या तारा. हे मी हात करीन तसे इंच इंच पुढं येत होते. मागं एक रिक्षा थांबली होती, पण तिनं एकदाही हॉर्न वाजवला नाही.

आचऱ्यात रामेश्वराचं दर्शन घेतलं. देवळाचा सभामंडप पाहून ह्यांना तिथंच बसावंसं वाटलं, मीही घाई केली नाही. पुढं एका घराशी पाणी मागायला थांबलो. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील अशा आजी खळ्यात सुपारी सोलत होत्या.

“गाडयेत निजतास? दोघांच?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता विहिरीवरचा पंप चालू केला.

टाकी भरेपर्यंत गोष्ट निघाली ती गावपळणीची. रामेश्वराचा कौल झाला की काही वर्षांनी एकदा अख्खं आचरा गाव तीन दिवस, तीन रात्री रिकामं होतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे वेशीबाहेर. माळावर, नदीकाठी झोपड्या उभ्या राहतात, तिथंच चुली पेटतात, रात्री भजनं होतात. कौल मिळाल्याशिवाय कुणी घरी परतत नाही. पाळण्यातलं मूल आणि अंथरुणावरचं माणूसही बरोबर न्यायचं.

“तुमका ह्या नवा वाटता,” आजी म्हणाल्या. “आमका नाय. आमी भायर पडतंव तेवा पयलो इचार पाण्याचो.” झोपडीची जागा ठरते ती पाणी कुठं जवळ आहे त्यावर.

मी वहीत हे मुद्दाम लिहून ठेवते आहे. निवृत्तीनंतर चाकांवर संसार मांडला म्हणून नातेवाईक आम्हाला धाडसी म्हणतात. इथं गावच्या गाव पिढ्यान् पिढ्या हे करत आलं आहे, लेकरांसकट आणि म्हाताऱ्यांसकट. आजींनी पैसे घेतले नाहीत. निघताना पाच नारळ गाडीत ठेवले.

कालावलची खाडी ओलांडली, कोळंबचा पूल ओलांडला. दुपारच्या उन्हात मालवणात शिरलो. संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहिला, बांगडे घेतले. मुक्काम एका माडाच्या बागेत, मालकांना विचारून. भांड्यांचं पाणी विहिरीपासून लांब, त्यांनी दाखवलेल्या माडाच्या आळ्यात ओततो. हा नियम आम्ही कुठंही मोडत नाही.

6 फेब्रुवारी, मालवण

होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलो. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 ला पायाभरणी केली, बांधकाम हिरोजी इंदुलकरांचं. किल्ल्याचं क्षेत्र 48 एकर. ह्यांचा गुडघा दुखत होता म्हणून पुरा तट फिरलो नाही. शिवराजेश्वराच्या देवळात बराच वेळ बसलो. हे देऊळ राजारामांनी बांधलेलं.

मला पाहायच्या होत्या त्या तिन्ही विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारही बाजूंना खारट समुद्र, आणि आत गोडं पाणी. पावसाचं पाणी खडकात मुरतं, ते इथं हाताशी येतं. तोफा-बुरुजांची वर्णनं शाळेत मी पुष्कळ वर्षं शिकवली, पण वेढा पडला तर किल्ला या तीन बावींवर जगणार होता, हे काठाशी उभं राहिल्यावर अंगात भिनलं. शाळेच्या सहली इथं आणतात त्यांनी मुलांना आधी विहिरीपाशी न्यावं.

7 फेब्रुवारी, शिरोडा

सकाळी धामापूर. डोंगरांच्या कुशीतला तलाव, काठावर भगवतीचं देऊळ. नागेश देसाईंनी 1530 मध्ये बांध घालून हा तलाव केला. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगानं त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान दिला. जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं पाणी आजही लोकांच्या उपयोगी पडतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. ह्यांनी काठावर नाश्ता केला आणि मधुमेहाच्या गोळ्या न सांगता घेतल्या.

आमच्यासारख्या राहत्या गाड्यांसाठी राज्यानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. माझं मागणं छोटं आहे: दर मोठ्या बंदरगावात एक सपाट सावलीची जागा, एक नळ, आणि सांडपाणी व शौचाची टाकी रिकामी करायला पक्की सोय. ती नसेल तर वाढत्या गाड्यांची घाण गावांच्या गोड्या विहिरींत उतरेल.

कुडाळवरून वेंगुर्ल्याला गेलो, तिथं जेवलो आणि शिरोड्याला आलो. इथल्या मिठागरात भरतीचं पाणी मुद्दाम आत घेतात, वाफ्यांतून फिरवतात, उन्हात आटवतात. 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथं झाला. वि. स. खांडेकर तेव्हा इथल्याच शाळेत शिकवत होते. शाळेवरून जाताना मी ह्यांना गाडी हळू घ्यायला सांगितली.

जाडं मीठ दोन किलो घेतलं, कैऱ्या आल्या की लोणच्याला होईल. टाकीत आज रात्रीपुरतं पाणी आहे. उद्या रेडीला गणपतीचं दर्शन घेऊन तिथंच भरायचं ठरलं, मग तेरेखोलच्या खाडीकडे.